ग्रीक शास्त्रज्ञांची ग्रीटिंग कार्डं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघी बहिणी घरून हे काम करतो. ताईने तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, मी छपाईची मांडणी करते. ताईच्या निरोप समारंभाला मी तिला युक्लिडचं एक कार्ड करून दिलं. ते स्टाफरूममध्ये हातोहात फिरलं, "मला पण एक" असं तिघाचौघांनी सांगितलं, आणि तिथून हे सुरू झालं. आता कार्डांपेक्षा प्रश्न जास्त येतात. तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठे दुखायला लागले, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. प्रश्न जसे आठवले तसे घेतलेत.

आर्किमिडीजचा खरा चेहरा तुमच्या कोणत्या कार्डावर आहे?

कुठल्याच नाही. इ.स.पू. २१२ मध्ये रोमनांनी सिरॅक्यूज जिंकलं तेव्हा आर्किमिडीज मारला गेला. त्याच्या हयातीत कोणी समोर बसवून त्याचं चित्र काढलं किंवा पुतळा घडवला, असं खात्रीने सांगता येईल अशी एकही वस्तू आज उरलेली नाही.

हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं मात्र समजू नका. पहिली दीडशे आर्किमिडीज कार्डं छापली तेव्हा नेटवर सगळीकडे दिसणारा एक संगमरवरी चेहरा मी उचलला. दाढी, गंभीर नजर, कपाळावर आठ्या. त्याखाली झोकात "युरेका!" छापलं. महिन्याभराने एका गिऱ्हाईकाचा निरोप आला: "कार्ड छान आहे, पण हा माणूस स्पार्टाचा राजा आहे." मी हसण्यावारी नेलं. ताईने नेलं नाही. ती दोन दिवस शोधत बसली, आणि निघालं ते खरंच तसंच. तो अर्धपुतळा इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन गावातल्या पपायरसांच्या वाड्यात सापडलेला, सध्या नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात असतो, आणि तो तिसऱ्या आर्किडॅमसचा मानला जातो. एकेकाळी लोकांनी तो आर्किमिडीजचा समजला आणि ती चूक पुढे पुस्तकातून पुस्तकात गेली. हा राजा इ.स.पू. ३३८ मध्ये इटलीत लढताना मेला, म्हणजे आर्किमिडीजच्या जन्माआधी सुमारे पन्नास वर्षं. पाण्याच्या टबात उतरण्याशी त्याचा काही संबंध नाही.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. प्रत्येक कार्डाच्या मागे खालच्या कोपऱ्यात चित्र कुणी केलं, कधी केलं, मूळ कुठे आहे आणि चेहऱ्यावर किती भरवसा ठेवायचा, हे चार ओळींत छापायचं. त्या चार ओळींसाठी कार्ड घेणारीही माणसं आता भेटतात.

सध्याच्या आर्किमिडीज कार्डावर डोमेनिको फेत्तीचं १६२० चं चित्र आहे, मूळ ड्रेस्डेनच्या संग्रहालयात. एक म्हातारा टेबलाशी बसलाय, हातात कंपास, पुढे कागद. कपडे, पुस्तकं, खोली सगळं फेत्तीच्या काळातलं. हा आर्किमिडीज नाही, सतराव्या शतकातल्या एका इटालियन माणसाला वाटलेला आर्किमिडीज आहे, आणि मागे तसंच छापलं आहे.

मग फील्ड्स मेडलवर कोण आहे?

आर्किमिडीजच, पण तोही कल्पनेतला. रॉबर्ट टेट मॅकेंझी या कॅनेडियन शिल्पकाराने १९३३ मध्ये तो घडवला. पदकावर रोमन अंकांत साल कोरलंय, त्यात एका एमच्या जागी चुकून एन पडला आहे. गणितातल्या इतक्या मोठ्या सन्मानावर आकड्याचीच चूक! आमच्या हातून दीडशे कार्डं चुकली याचं दुःख हे कळल्यावर जरा हलकं झालं.

मग कोणाचाच चेहरा खरा नाही का?

कमीजास्त आहे. सगळ्यात बरी स्थिती अ‍ॅरिस्टॉटलची. रोममध्ये पालाझ्झो आल्तेम्प्स इथे त्याचा जो अर्धपुतळा आहे तो रोमन काळातली नक्कल आहे. मूळ ब्राँझचा पुतळा लिसिपॉस या शिल्पकाराचा असावा, म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलच्या काळातलाच. अंगावरची अलाबास्टरची शाल मात्र खूप नंतर जोडलेली. म्हणून कार्डावर आम्ही फक्त डोकं घेतो.

वैद्य हिपोक्रेटिसचा टक्कल पडलेला, थकलेल्या डोळ्यांचा चेहरा १९४० मध्ये ओस्टियाजवळच्या एका थडग्यात सापडला. कॉस बेटाच्या जुन्या नाण्यांवर त्याच्या नावाने जो चेहरा आहे त्याच्याशी तो जुळतो, म्हणून ओळख पटली. पण ती नाणीसुद्धा त्याच्या मृत्यूनंतर कित्येक पिढ्यांनी पाडलेली. पायथागोरसचंही तेच. रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात मुंडासं बांधलेला एक दाढीवाला पायथागोरस म्हणून ओळखला जातो, आणि सामोस बेटाने रोमन अमलात त्याच्या प्रतिमेची नाणी पाडली. तोवर पायथागोरसला जाऊन सहाशे वर्षं होऊन गेली होती. आपल्या गावच्या मोठ्या माणसाचं चित्र नाण्यावर हवं, एवढाच त्यांचा हेतू. खगोलशास्त्रज्ञ हिपार्कसला त्याच्या नायसिया गावाने असंच नाण्यावर बसवलं, पुढ्यात गोल ठेवून.

युक्लिड, अ‍ॅरिस्टार्कस, इरॅटोस्थेनिस यांच्या बाबतीत एवढंही नाही. युक्लिडचा तर वेगळाच घोळ. मध्ययुगापासून लोक त्याची गल्लत मेगाराच्या युक्लिड नावाच्या तत्त्वज्ञाशी करत आले. जुन्या चित्रांखाली नाव एकाचं आणि हातातला कंपास दुसऱ्याचा असतो.

रॅफेलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स'मधली माणसं खरी आहेत ना? त्याचं मोठं कार्ड मिळेल का?

मिळेल, आमचं सगळ्यात जास्त खपणारं कार्ड तेच आहे. व्हॅटिकनमधल्या एका दालनाच्या भिंतीवर रॅफेलने ते १५०९ ते १५११ च्या दरम्यान रंगवलं. पण खरी माणसं पाहायची असतील तर तुम्हाला ग्रीक नाही, रॅफेलच्या ओळखीची माणसं दिसतील. प्लेटोला लिओनार्दोचा चेहरा दिलाय असं मानतात, पायरीवर कपाळाला हात लावून बसलेला हेराक्लिटस म्हणजे मायकेलँजेलो. उजवीकडे खाली वाकून पाटीवर कंपास टेकवणारा युक्लिड, त्याचं टक्कल वास्तुविशारद ब्रामांतेचं. काही जण त्याला युक्लिड न म्हणता आर्किमिडीज म्हणतात. रॅफेलने खाली नावं लिहिली नव्हती, त्यामुळे हा वाद आमच्याकडून मिटणार नाही.

ताईचं आवडतं माणूस म्हणजे हातात पृथ्वीचा गोल घेऊन पाठमोरा उभा असलेला टॉलेमी. त्याच्या डोक्यावर मुकुट आहे. का? तर इजिप्तवर राज्य करणाऱ्या राजांची नावं टॉलेमी होती, आणि आपला खगोलशास्त्रज्ञही त्यातलाच एक असणार असं शेकडो वर्षं लोक समजत होते. खरा क्लॉडियस टॉलेमी इ.स.च्या दुसऱ्या शतकातला. तोपर्यंत ते राजघराणं संपून शंभराहून जास्त वर्षं झाली होती. या मुकुटाचं आम्ही वेगळं छोटं कार्ड केलंय, आडनावावरून ज्यांना नको ते नातेवाईक चिकटवले जातात अशा मित्रांसाठी.

त्या चित्रातली पांढऱ्या कपड्यातली व्यक्ती म्हणजे अलेक्झांड्रियाची गणितज्ञ हायपेशिया, असा मेसेज आठवड्यातून एकदा येतो. त्याला भक्कम आधार नाही. हायपेशिया हवी असेल तर पुढचं उत्तर वाचा.

हायपेशियाचं कार्ड करता का? ते बाजूने काढलेलं, केस बांधलेल्या बाईचं चित्र हवं.

करतो. ते चित्र ज्यूल मॉरिस गॅस्पार या चित्रकाराने १९०८ मध्ये एका अमेरिकी लेखमालेसाठी काढलं. हायपेशिया अलेक्झांड्रियात इ.स. ४१५ मध्ये मारली गेली. मधे जवळजवळ पंधराशे वर्षं. तिची त्या काळातली एकही प्रतिमा नाही. इजिप्तच्या फायूम भागातल्या ममींवर रंगवलेले मोठ्या डोळ्यांचे सुंदर चेहरे तिच्या नावाने फिरत असतात. ते दुसऱ्याच कुणाकुणाचे आहेत, बहुतेक तिच्या आधीचे, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडावर बांधलेले. वाढदिवसाला ते नको.

चार्ल्स विल्यम मिचेलचं १८८५ चं गाजलेलं तैलचित्रही काही जण सुचवतात. त्यात जमावाने कपडे फाडलेली हायपेशिया वेदीपाशी उभी आहे. ते चित्र म्हणून काय आहे ते आहे, पण एका गणितज्ञ बाईची आठवण तिच्या मरणाच्या क्षणाने काढायची, तीही दुसऱ्या एखाद्या बाईच्या यशाबद्दल अभिनंदन करताना, हे मला पटत नाही. मागितलं तरी आम्ही देत नाही.

चेहरा नको असेल तर? नुसती आकृती असलेलं काही आहे का?

आहे, आणि मला विचाराल तर हीच आमची चांगली कार्डं.

पहिलं, गोल आणि दंडगोल. दंडगोलात चपखल बसणाऱ्या गोलाचं घनफळ दंडगोलाच्या दोन तृतीयांश असतं, आणि पृष्ठफळाचंही प्रमाण तेच. आर्किमिडीजला या शोधाचा इतका अभिमान होता की थडग्यावर हीच आकृती बसवायला त्याने सांगितलं होतं. पुढे इ.स.पू. ७५ मध्ये सिसेरो सिसिलीत अधिकारी म्हणून आला. गावकरी म्हणाले, असं काही थडगं इथे नाहीच. सिसेरो शोधत राहिला. एका दरवाज्याबाहेर थडग्यांच्या गर्दीत, काटेरी झुडपांच्या वर जेमतेम डोकावणारा एक छोटा खांब त्याला दिसला आणि त्यावर गोल व दंडगोल. कोयते घेऊन माणसं धाडली, वाट मोकळी केली, तेव्हा खाली झिजलेल्या ओळी सापडल्या. चेहरा विसरला गेला होता, नाव विसरलं होतं, आकृतीने ओळख पटवली. आमच्या कार्डावर वर नुसती आकृती आहे आणि तिच्याभोवती हिरव्या शाईत काटेरी फांद्या. फील्ड्स मेडलच्या मागच्या बाजूलाही गोल-दंडगोल आहे, पण आमच्या फांद्या जास्त टोचतात.

दुसरं, युक्लिडचा पपायरस. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यात १८९६-९७ च्या खोदकामात एक तुकडा मिळाला. 'मूलतत्त्वे' या त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडातलं पाचवं प्रमेय, खाली हाताने काढलेली आकृती. रेघा वाकड्या आहेत. चौरस चौरसासारखा दिसत नाही. ताई म्हणाली, "माझ्या वर्गात याला वहीत लाल शेरा मिळाला असता." तुकडा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा आहे. हे कार्ड आम्ही दहावीच्या मुलांसाठी ठेवतो.

तिसरं, अँटिकिथेराचं यंत्र. स्पंजसाठी बुड्या मारणाऱ्या लोकांना १९०० च्या सुमारास एक बुडालेलं जहाज सापडलं, त्यातून हिरव्या गंजाचा एक गोळा वर आला. आत दातेरी चाकं. आज ८२ तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, चाकं ३० उरली आहेत. त्यातलं एक २२३ दात्यांचं, कारण २२३ चांद्रमासांनी ग्रहणांचं चक्र फिरून येतं. यंत्र बनवणाऱ्याचं नाव कळलेलं नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी हे कार्ड घेतलं आणि दुकानात काचेखाली लावलं. शुभेच्छा लिहायच्या जागेवर त्यांनी स्वतःच लिहिलं होतं: "दुरुस्त होईल, थोडा वेळ लागेल."

चौथं, सावली. इरॅटोस्थेनिसने ऐकलं होतं की उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी सायीनीला, म्हणजे आजच्या आस्वानला, काठीची सावलीच पडत नाही. त्याच वेळी अलेक्झांड्रियात पडते, वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या कोनाची, म्हणजे ७.२ अंशांची. दोन गावांतलं अंतर ५००० स्टेडिया (स्टेडिया हे अंतराचं ग्रीक माप). पन्नासने गुणलं की पृथ्वीचा घेर, २,५०,००० स्टेडिया. एक काठी, एक सावली, एक गुणाकार. कार्डावर एवढंच आहे: एक काठी उभी, एक काठी सावलीसकट.

हे कार्ड महाराष्ट्रात का चालतं ते सांगते. आपलं सगळं राज्य कर्कवृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सावली पायाखाली येते. पुण्या-मुंबईला मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीस. जुलैतला दिवस ढगांमुळे बहुधा फुकट जातो. मेमध्ये गच्चीवर बाटली, तांब्या, पोळपाटावर उभं केलेलं लाटणं घेऊन मुलं जमतात, त्या शून्य सावलीच्या दिवसाला हे कार्ड जातं.

आतला मजकूर तुम्ही देता का? कोणत्या प्रसंगाला कोणता शास्त्रज्ञ?

आत कोरंही देतो. मजकूर हवा असेल तर सध्या हे आहेत:

आईवडिलांच्या साठीला किंवा पंचाहत्तरीला सावलीचं कार्ड: "तुमची सावली आमच्यावर अशीच राहू दे. वर्षातले दोन दिवस सोडून."

मोठ्या बहिणीला पायथागोरस: "काटकोन त्रिकोणात सगळ्यात मोठी बाजू कर्णाची. आपल्या घरात ताईची." (हे मी लिहिलं. ताईने खालून "आणि सगळ्यात जास्त भार वाहणारीही" असं जोडायला सांगितलं, ते मी जोडलेलं नाही.)

परीक्षेच्या आधी युक्लिड. राजा टॉलेमीने विचारलं, याहून सोपा रस्ता नाही का, तर युक्लिड म्हणाला, भूमितीला राजमार्ग नाही. ही गोष्ट युक्लिडनंतर सात-आठशे वर्षांनी प्रोक्लसने लिहून ठेवली आहे, म्हणून मागे "असं सांगतात" छापलंय. आत: "राजमार्ग नाही, पण शेवटची बस अजून गेलेली नाही."

धंद्यात पाऊल टाकणाऱ्याला थेल्स. आकाशाकडे बघत चालता चालता तो विहिरीत पडला ही गोष्ट प्लेटो सांगतो. पण अ‍ॅरिस्टॉटलने दुसरी सांगितली आहे: ऑलिव्हचं पीक चांगलं येणार हे ओळखून थेल्सने हिवाळ्यातच सगळे घाणे स्वस्तात भाड्याने घेऊन ठेवले आणि हंगामात मनाला येईल त्या भावाने दिले. कार्ड उघडण्याआधी विहीर, उघडल्यावर घाणा.

नुसत्या हसण्यासाठी डेमोक्रिटस. त्याला हसरा तत्त्वज्ञ म्हणत. हेन्ड्रिक तेर ब्रुखेनने १६२८ मध्ये रंगवलेला हसरा डेमोक्रिटस आम्ही वापरतो. युरो येईपर्यंत ग्रीसच्या दहा द्राख्माच्या नाण्यावर एका बाजूला डेमोक्रिटस आणि दुसऱ्या बाजूला अणूचं चित्र असे. पाच द्राख्मावर अ‍ॅरिस्टॉटल. आमच्याकडे दोन्ही नाणी आहेत, बघायची असतील तर घरी या, विकत नाही.

सत्यनारायणाला किंवा वास्तुशांतीला काही आहे का, असं एकाने विचारलं. आहे! अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इ.स.च्या पहिल्या शतकात देवळासाठी एक यंत्र वर्णिलं आहे. फटीत नाणं टाकलं की त्याच्या वजनाने झडप उघडून तीर्थाचं पाणी बाहेर येई. आत काय लिहिलंय ते सांगत नाही.

सांत्वनपर कार्डं मात्र आम्ही यांच्यावर करत नाही.

डॉक्टरांसाठी हिपोक्रेटिस आणि दोन सापांची काठी टाका ना.

हिपोक्रेटिस टाकतो. काठीला साप एकच. वैद्यकाची खूण म्हणजे अ‍ॅस्क्लेपियसची काठी, तिला एकच साप आणि पंख नाहीत. दोन साप आणि वर पंख असलेला दंड हर्मिसचा, म्हणजे व्यापारी, निरोपे आणि चोर यांच्या देवाचा. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये दोन सापांची खूण घेतली आणि तिथून ती गोंधळासकट जगभर पसरली. तुमच्या डॉक्टरांच्या बिलावर तुमचा राग असेल तर दोन साप काढून देऊ.

शपथ छापून मागतात. नव्या पदवीधरांसाठी मागत असाल तर आधी विचारून घ्या: राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये हिपोक्रेटिसच्या शपथेऐवजी चरक शपथेची शिफारस केली आहे.

मागे ग्रीसचा झेंडा छापाल का?

नको. आर्किमिडीज सिसिलीचा, आज ते इटलीत. थेल्सचं मायलेटस आणि हिपार्कसचं नायसिया तुर्कस्तानात. इरॅटोस्थेनिस सायरीनीचा, आजचं लिबिया. युक्लिड, टॉलेमी, हेरॉन, हायपेशिया सगळे अलेक्झांड्रियाचे, म्हणजे इजिप्त. ते ग्रीक लिहायचे, एवढं नक्की. निळा-पांढरा झेंडा लावायचा तर अ‍ॅरिस्टॉटल, हिपोक्रेटिस, डेमोक्रिटस आणि सामोसवाले दोघे, पायथागोरस आणि अ‍ॅरिस्टार्कस, एवढ्यांवर भागवावं लागेल.

यांना शास्त्रज्ञ म्हणणं बरोबर आहे का?

तसं नाही. इंग्रजीतला शास्त्रज्ञ या अर्थाचा शब्दच १८३० च्या दशकात घडला. पण कार्डावर "निसर्गाचा विचार करणारे तत्त्वज्ञ" छापलं तर दुकानात कोणी हात लावणार नाही.

नावं ग्रीक लिपीत मिळतील का? माझी ग्रीक मैत्रीण आहे.

हो. समोर आपली शाळेतली रूपं, आर्किमिडीज, पायथागोरस. आत ग्रीक लिपीत मूळ नाव आणि देवनागरीत उच्चार: आर्खिमीदिस, पिथागोरास. एक कृपा करा, "ग्रीक स्टाइल" फाँट मागू नका. त्यात दिसायला बरं म्हणून ई-च्या जागी सिग्मा बसवतात. सिग्मा म्हणजे स. तुमच्या मैत्रिणीला ते "हॅपी बर्थडे" असं दिसणार नाही, दात पडलेल्या माणसाने वाचल्यासारखं दिसेल.

शुभेच्छा लिहायच्या तर "ख्रोनिया पोला", म्हणजे "पुष्कळ वर्षं". वाढदिवस, नाताळ, ईस्टर, सगळ्याला चालतं. आणि ग्रीसमध्ये वाढदिवसाइतकाच, काही घरांत त्याहून जास्त, नामदिवस साजरा होतो: ज्या संताचं नाव ठेवलं त्याच्या सणाचा दिवस. तिचं नाव काय आहे ते कळवा, तारीख शोधून देतो.

आर्यभट, भास्कराचार्य सोडून हे परके लोक का?

हा प्रश्न आधी रागाने यायचा, आता कुतूहलाने येतो. आर्यभटाचं कार्डही आम्ही करतो, पण अडचण तीच. आर्यभट दिसायचा कसा हेही कुणाला ठाऊक नाही. पुण्यात आयुकाच्या आवारात न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ यांच्याबरोबर आर्यभटाचा पुतळा आहे, तो शिल्पकाराच्या कल्पनेतून आलेला.

आणि परके म्हणाल तर कार्ल्याच्या लेण्यात जाऊन या. चैत्यगृहाच्या खांबांवर देणगी देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात धेनुकाकट गावचे यवन आहेत. यवन म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक. वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहिलं आहे की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलेलं आहे, म्हणून ऋषींप्रमाणे त्यांचाही मान राखतात. पत्रिकेतला "होरा" ग्रीक आहे. "केंद्र" ग्रीक आहे, मूळ शब्द केंत्रॉन, म्हणजे टोचणारं टोक, कंपासचं. ताई हे वर्गात सांगायची आणि मग फळ्यावरच्या वर्तुळाच्या मध्ये खडू टोचायची. जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या दरबारात जगन्नाथ सम्राटाने युक्लिडचं पुस्तक अरबीवरून संस्कृतात आणलं, 'रेखागणित' नावाने. ते छापून निघालं मुंबईत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. "रेखागणित" या शब्दाचंही एक कार्ड आहे, समोर नुसती अक्षरं.

नेटवरचं चित्र घेऊन मीच कार्ड छापलं तर चालेल?

मी वकील नाही, आम्ही काय करतो ते सांगते. भारतात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो, त्यामुळे रॅफेल, फेत्ती, गॅस्पार यांची चिंता नाही. पण पुतळा दोन हजार वर्षांचा असला तरी त्याचा फोटो परवाचा असू शकतो, आणि फोटोचा हक्क फोटोग्राफरचा. इथेच बहुतेक जण फसतात.

दुसरं, इटलीत २००४ च्या वारसा कायद्याखाली सरकारी संग्रहालयातल्या वस्तूंची प्रतिमा धंद्यासाठी वापरायला परवानगी आणि शुल्क लागतं. ग्रीसमध्ये २००२ च्या कायद्यात तशीच तरतूद आहे. देशाबाहेर हे किती चालतं यावर भांडणं आहेत. लिओनार्दोच्या एका चित्राच्या जिगसॉ पझलवरून २०२४ मध्ये जर्मनीतल्या एका कोर्टाने इटलीच्या विरुद्ध निकाल दिला. आम्ही भांडणात पडत नाही. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय २०१७ पासून आणि अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आपल्याकडच्या हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइली कोणालाही, धंद्यालासुद्धा, मोकळ्या देतात. आमचा डेमोक्रिटस अ‍ॅमस्टरडॅमचा. रेम्ब्रांटचा अ‍ॅरिस्टॉटल, १६५३ चा, होमरच्या पुतळ्यावर हात ठेवून उभा, गळ्यात सोन्याची साखळी आणि डोक्यावर डच टोपी, तो न्यूयॉर्कचा.

घरच्या प्रिंटरवर छापायचं तर काही सूचना?

चार गुणिले सहा इंचाला १२०० गुणिले १८०० पिक्सेलहून लहान फाइल घेऊ नका. कागद ३०० जीएसएमचा मॅट. हातकागद दिसतो सुंदर, पण संगमरवराचा काळा-पांढरा फोटो त्यावर मातकट होतो. नाकाखालची सावली आणि मिशी एक होऊन जातात. हातकागदावर रेघांची चित्रं छापा. घडी घालण्याआधी स्टीलची पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते. अ‍ॅरिस्टॉटलच्या कपाळावरून घडी जाणार नाही एवढं बघा. आमच्या एका गठ्ठ्यात गेली होती.

एआयने काढलेला "खराखुरा" आर्किमिडीज छापून द्याल का?

नाही. एकाने पाठवला होता, टबाला नळ होता. शिवाय खोटे चेहरे आधीच इतके आहेत की त्यात आणखी एकाची भर आम्हाला घालायची नाही.

ती चुकीची दीडशे कार्डं होती, त्यांचं काय केलं?

साठ विकली गेली होती. ज्यांचे पत्ते होते त्यांना नवी पाठवली. उरलेल्या नव्वदांवरचं "युरेका!" ताईने एकेका कार्डावर काळ्या पेनाने खोडलं आणि खाली लिहिलं: "मी आर्किमिडीज नाही. मी राजा आर्किडॅमस, स्पार्टा. तरीही वाढदिवसाच्या शुभेच्छा." त्यातली सात शिल्लक आहेत. किंमत अर्धी.